रत्नागिरी बंदर आणि आसपासची जुनी लग्नं कशी शोधायची : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वंशावळ करायला घेतली की बापाकडून आजा, आजाकडून पणजा असं सात-आठ पिढ्या भराभर चढता येतं, आणि मग कुणीतरी विचारतं की पणजी कुठली होती, तिथे सगळं थांबतं. बाईचं माहेर आणि सासर एकाच कागदावर येतं ते फक्त लग्नात, म्हणून मी लग्नाच्या नोंदींच्या मागे लागले. गेली काही वर्षं रत्नागिरी, राजापूर, मालवण, वेंगुर्ला या पट्ट्यात शोधताना लोकांनी जे परत परत विचारलं ते इथे एकत्र लिहिलंय.

पणजीचं लग्न १८९० च्या सुमारास रत्नागिरीत झालं. नगरपरिषदेत नोंद मिळेल का?

हिंदू कुटुंब असेल तर नाही मिळणार, हे आधीच सांगते म्हणजे फेऱ्या वाचतील. नगरपालिका १८७६ सालची आहे म्हणून लोकांना वाटतं तेव्हापासून सगळं लिहिलेलं असेल, पण सरकारदरबारी लिहिलं गेलं ते मुख्यतः जन्म आणि मृत्यू. लग्न हा आपल्याकडे संस्कार, भटजी आले, अंतरपाट धरला, अक्षता पडल्या, झालं, त्याला सरकारचा शिक्का लागतो असं कुणाच्या मनातही नव्हतं.

कायद्याचा क्रम लक्षात ठेवला की कुठल्या सालासाठी काय शोधायचं ते कळतं. पारशी लग्नांचा कायदा १८६५ चा, ख्रिस्ती लग्नांचा १८७२ चा, म्हणून त्यांच्या नोंदी जुन्या आहेत. १८७२ सालीच स्पेशल मॅरेज ॲक्ट आला पण त्यात सुरुवातीला आपण हिंदू, मुसलमान वगैरे कुठल्याच धर्माचे नाही असं जाहीर करावं लागायचं, त्यामुळे आपल्या भागातले फार थोडे लोक त्या वाटेला गेले. हिंदूंसाठी मुंबई राज्याचा विवाह नोंदणी कायदा १९५३ चा, मग हिंदू विवाह कायदा १९५५, मग महाराष्ट्राचा १९९८ चा कायदा, आणि २००६ साली सुप्रीम कोर्टाने सांगितलं की सगळ्या धर्मांच्या लग्नांची नोंद सक्तीची करा. म्हणजे १९५३ च्या आधीचं हिंदू घरातलं लग्न असेल तर रजिस्टर शोधू नका, लग्नाच्या खुणा शोधा. त्या भरपूर असतात, फक्त दुसऱ्याच नावाच्या कागदात लपलेल्या असतात.

मग सुरुवात कुठून करू?

माळ्यावरच्या ट्रंकेपासून. खरंच. सरकारी ऑफिसात जाण्याआधी घरातली, आत्याकडची, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे आजोळची ट्रंक उघडा, कारण मुलीच्या लग्नाचा खर्च तिच्या बापाने केलेला असतो आणि हिशोब त्याच्याच घरात राहतो.

चार कागद शोधायचे. एक, याद, म्हणजे लग्न ठरताना देण्याघेण्याचं जे लिहून ठरवायचे ती, हुंडा किती, करणी (लग्नातल्या भेटवस्तू) काय, मानपान कुणाचा, आणि खाली दोन्हीकडच्या कर्त्या माणसांच्या सह्या. दोन, आहेराची वही. तीन, लग्नपत्रिका. चार, जन्मपत्रिका, कारण मुलीची पत्रिका जुळवायला सासरी पाठवायचे आणि ती कधीकधी परत यायचीच नाही, सासरच्या कागदात राहायची, आणि तिच्यावर तिचं जन्मनाव, बापाचं नाव, गोत्र, जन्माचा शक सगळं असतं.

मला स्वतःला जे मिळालं ते आहेराच्या वहीत. लांबट अरुंद वही, दोऱ्याने शिवलेली, वरच्या कोपऱ्याला वाळवीने कुरतडलेली, पहिल्या पानावर श्री आणि खाली शक-मिती. मग ओळीने नावं, मामा, मोठे काका, शेजारचे अमुक, प्रत्येकापुढे रुपया, दोन रुपये, खण एक, नारळ पाच, लुगडं एक. पैसे आणि आणे शाईने लिहिलेले आणि परत केलेल्या आहेरावर एक बारीक काट. त्या वहीच्या माथ्यावर पणजीचं माहेरचं नाव होतं, जे आमच्या घरात हयात असलेल्या एकाही माणसाने कधी ऐकलेलं नव्हतं. मी ते पान तासभर नुसतं बघत बसले होते.

आहेराची वही फेकू नका, तिच्यात नात्याचा नकाशा असतो. मामाचा आहेर कुठल्या गावाहून आला ते लिहिलेलं असतं, म्हणजे मुलीच्या आईचं माहेर कळलं, म्हणजे आणखी एक पिढी वर गेलात.

आजीचं माहेरचं नाव आणि सासरचं नाव वेगळं कसं? दोन वेगळ्या बायका तर नाहीत?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, आणि चुका पण सगळ्यात जास्त इथेच होतात. लग्नात ताटातल्या तांदळात अंगठीने बायकोचं नवीन नाव लिहायची पद्धत होती, बऱ्याच घरात अजून आहे. समजा माहेरची गोदावरी, ती सासरी लक्ष्मी झाली, आणि त्यानंतर मरेपर्यंत सासरच्या प्रत्येक कागदावर लक्ष्मीच. तिकडे माहेरचे लोक मात्र तिला गोदाच म्हणत राहिले. त्यात पहिली बायको बाळंतपणात गेली आणि दुसरी केली तर दुसरीचंही नाव लक्ष्मीच ठेवलं असंही होतं, मग कागदावर एकच लक्ष्मी चाळीस वर्षं मुलं जन्माला घालताना दिसते. वय जुळत नसेल तर आधी ही शंका घ्या.

म्हणून वंशावळीत बाईचं नाव लिहिताना दोन्ही नावं लिहा, माहेरचं आधी. मृत्यूच्या नोंदीत मिळालेलं नाव हे जन्मनाव समजून माहेरच्या गावात शोधायला जाऊ नका, मी तसं करून एक अख्खा मे महिना घालवलाय.

लग्नाची तारीख शकात आहे. इंग्रजी साल कसं काढायचं?

शकात ७८ मिळवा. पण लग्न जानेवारीपासून गुढीपाडव्याच्या आत झालं असेल तर ७९. म्हणजे शके १८३२ वैशाख शुद्ध ५ हे १९१० च्या मे महिन्याच्या मध्यावर येतं, पण त्याच शके १८३२ चा माघ मात्र फेब्रुवारी १९११ मध्ये. एकाच शकातली दोन लग्नं, इंग्रजी सालं दोन. ही चूक छापील कुलवृत्तांतांतसुद्धा दिसते.

शकाच्या आकड्याचा कागद फाटला असेल तर संवत्सराचं नाव बघा, साठ नावं आहेत आणि ती साठ वर्षांनी परत येतात. शके १८३२ ला साधारण संवत्सर होतं, पुढचं साधारण शके १८९२ ला म्हणजे १९७० ला आलं. साठ वर्षांचा फरक असल्यामुळे कुठलं ते माणसांच्या वयावरून लगेच कळतं.

आणि मुहूर्ताचा विचार करा. आषाढी एकादशी ते तुळशीचं लग्न या काळात लग्न दिसलं तर तारीख वाचताना चूक झाली असण्याची शक्यता जास्त. सिंहस्थात, म्हणजे दर बारा वर्षांनी गुरू सिंह राशीत असतो तेव्हा, जुने लोक लग्न टाळायचे, त्यामुळे त्याच्या आधीच्या वर्षात घाईघाईने केलेली आणि नंतर तुंबून राहिलेली लग्नं एकदम दिसतात.

कागद मोडी लिपीत आहेत. शिकावंच लागेल का?

खूप नको, पण ओळखण्यापुरती शिकाच. राज्याच्या पुराभिलेख संचालनालयाचे मोडीचे वर्ग असतात, बाकी ठिकाणीही असतात, आणि लग्नाच्या कागदात तेच तेच पंधरा-वीस शब्द येतात म्हणून महिन्याभरात हात बसतो.

तीन शब्द आधी शिका. बिन आणि वल्लद म्हणजे अमक्याचा मुलगा. कोम म्हणजे अमक्याची बायको. "भागीरथी कोम विठोबा" असं आलं की ती विठोबाची बायको. कुठे कोमच्या जागी भ्रतार येतं, "भागीरथी भ्रतार विठोबा", अर्थ तोच. लोक हे भ्रतार आडनाव समजून टाइप करतात आणि मग कॉम्प्युटरमध्ये भ्रतार नावाचं एक नवंच घराणं तयार होतं, म्हणून जपून.

पाट किंवा मोहतूर हा शब्द आला तर ते विधवेचं किंवा सोडलेल्या बाईचं दुसरं लग्न. अनेक जातींत ही रीत पूर्वापार होती, १८५६ चा विधवा पुनर्विवाहाचा कायदा येण्याच्या कितीतरी आधीपासून. कागदात "लग्नाची" आणि "पाटाची" असा फरक केलेला दिसतो. वंशावळ लिहिताना तो शब्द खोडू नका आणि लाजू पण नका, त्या शब्दामुळे तुम्हाला कळतं की तिचं आधीचं एक घर होतं, तिथे कदाचित मुलं होती, म्हणजे तुमची सावत्र भावंडं कुठेतरी आहेत.

जमिनीच्या कागदांचा लग्नाशी काय संबंध?

माझ्या मते हिंदू घरातल्या बायका शोधायचा सगळ्यात मोठा खजिना हाच आहे आणि लोक तिकडे फक्त कोर्टकचेरीसाठी जातात.

सातबारा नको, फेरफार काढा, गाव नमुना ६. माणूस मेला की वारस नोंद होते आणि त्यात विधवेचं नाव येतं. १९३७ च्या कायद्याने विधवेला मिळकतीत हक्क दिला. पण खरी गंमत १९५६ नंतर आहे, हिंदू वारसा कायद्याने मुलीही वारस झाल्या, आणि मग फेरफारात सख्ख्या बहिणींची नावं सासरच्या पूर्ण नावासकट यायला लागली. बाप १९६० साली वारला असेल तर १९१५-२० साली जन्मलेल्या त्याच्या सगळ्या मुली कुठल्या घरात दिल्या ते एका ओळीत मिळतं.

त्याच्या पुढचा कागद म्हणजे हक्कसोड पत्र. बहिणींनी भावाच्या नावे हिस्सा सोडला की दुय्यम निबंधकाकडे दस्त नोंदवतात, त्यात प्रत्येकीचं सासरचं नाव, वय, धंदा, राहणार कुठे, सगळं. सूची क्रमांक १ मध्ये नावाने शोधता येतं, सूची क्रमांक २ मिळकतीवरून असते. मला अशा एका दस्तात चार बहिणी सापडल्या, चौघींचे अंगठे, आणि प्रत्येक अंगठ्याच्या बाजूला कारकुनाने लिहिलेलं नाव, एक जैतापूरची, एक पूर्णगडची, दोन मुंबईला गिरगावात. त्यांनी जमीन सोडली म्हणून त्यांची नावं राहिली, हे मला अजूनही बोचतं.

दिवाणी कोर्टातले वारस दाखले पण बघा. १८२७ च्या मुंबई रेग्युलेशनखाली, म्हणजे खूप आधीपासून, असे दाखले दिले जातायत आणि अर्जात सगळी नाती सांगावी लागतात.

एक लक्षात ठेवा, सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ ला वेगळा झाला. त्याआधी मालवण, वेंगुर्ला, कणकवली सगळं रत्नागिरी जिल्ह्यातच. त्यामुळे ओरोसला, म्हणजे सिंधुदुर्गच्या जिल्हा मुख्यालयात, नाही म्हणाले तर रत्नागिरीला विचारल्याशिवाय सोडू नका. सावंतवाडी मात्र १९४८ पर्यंत संस्थान होतं, तिथले जुने कागद संस्थानी दफ्तरातले, त्यांची ठेवण वेगळी.

कोतवाल बुकात लग्न असतं का?

नाही, कोतवाल बुक म्हणजे गाव नमुना १४, जन्म आणि मृत्यू. पण मुलाच्या जन्माची नोंद मिळाली की लग्न त्याआधीचं हे नक्की, आणि पहिलं मूल कधी झालं त्यावरून लग्नाचा अंदाज बांधता येतो. कुणबी दाखल्यांच्या निमित्ताने ही पुस्तकं मधे खूप लोकांनी हाताळली, तहसीलच्या अभिलेख कक्षात विचारा. शाळेचं दाखल-खारीज रजिस्टरही उपयोगी, आजोळी शिकायला ठेवलेली मुलं त्यात सापडतात.

लग्न आठव्या वर्षी झालं असं दिसतंय, हे खरं असेल का?

असेल. आठ, नऊ, दहा ही वयं त्या काळात सर्रास होती. लग्न झालं तरी मुलगी बरीच वर्षं माहेरी असायची, सणावाराला सासरी न्यायचे आणायचे, म्हणून लग्न आणि पहिलं मूल यात सात-आठ वर्षं गेलेली दिसतात. तेवढ्यावरून मधे एखादं मूल गेलं असेल असा अंदाज लिहून मोकळे होऊ नका. शारदा कायदा १९२९ चा, लागू झाला १ एप्रिल १९३० ला, मुलीचं वय कमीत कमी १४ आणि मुलाचं १८. तो लागू व्हायच्या आधी देशभर लोकांनी लहान मुलांची लग्नं घाईने उरकली, तेव्हा १९२९-३० च्या हिवाळ्यात एकाच मांडवात दोन-तीन बहिणींची लग्नं दिसली तर कारण बहुधा हेच.

मुलगी कुठल्या गावची असेल याचा अंदाज कसा करायचा?

नकाशावरचे आजचे रस्ते विसरा आणि खाड्या बघा. त्या काळी समुद्र हाच रस्ता होता. रत्नागिरीच्या माणसाला घाटावर जाण्यापेक्षा पडावातून किंवा आगबोटीने जयगड, पूर्णगड, जैतापूर, विजयदुर्ग, मालवण गाठणं सोपं, वऱ्हाडं पण तशीच जायची. एका खाडीच्या दोन्ही तीरांवर सोयरिकी दिसतात, भाट्याच्या खाडीच्या अलीकडचं घर आणि पलीकडचं घर. पावसाळ्यात बोटी बंद, म्हणून लग्नं शिमग्यानंतर वैशाखापर्यंत गोळा होतात.

आडनाव गावावरून पडलेलं असेल तर सावध राहा, ते गाव मूळचं असतं, राहतं नसतं. त्यापेक्षा कुलदैवत आणि गोत्र, किंवा मराठा, भंडारी, गाबीत वगैरे घरांत देवक, जास्त खरं सांगतं. गावचा गुरव किंवा मानकरी यांना विचारा की अमुक घरची ओटी कुठल्या देवीला जाते, त्यांना तोंडपाठ असतं.

तीर्थाच्या वह्यांत काही मिळतं का?

मिळतं. त्र्यंबकेश्वर, नाशिक, पंढरपूर, गोकर्ण, काशी, गया, आपल्याकडचे लोक या ठिकाणी जायचे आणि तीर्थोपाध्ये त्यांच्या वहीत कोण आलं, बरोबर कोण, बाप आजा कोण ते लिहून घ्यायचे. गाव आणि आडनाव सांगितलं की वही काढतात. फॅमिलीसर्चवर पण हिंदू तीर्थयात्रेच्या वह्यांचा मोठा संग्रह आहे, पण कोकणातल्या घरांसाठी प्रत्यक्ष गेलेलं बरं.

पण त्याहून जवळची गोष्ट म्हणजे घरातली श्राद्धाची चिठ्ठी. महालयात भटजींना सांगायला नावांचा एक कागद देवघरात ठेवलेला असतो. त्यात बाप, आजा, पणजा असतातच, आई, आजी, पणजी असतात, आणि शिवाय मातामह, म्हणजे आईचा बाप, त्याचा बाप, त्याचाही बाप, गोत्रासकट. आजोबांच्या हातचा असा कागद असेल तर त्यातली मातामहांची तीन नावं म्हणजे तुमच्या पणजीच्या माहेरच्या तीन पिढ्या. बऱ्याच घरात नवीन कागद लिहिला की जुना गंगार्पण करतात. तसं करण्याआधी मोबाइलवर फोटो काढा, एवढंच मागणं आहे.

आम्ही कोकणी मुसलमान आहोत. आमच्याकडे?

तुमच्याकडे कागद असण्याची शक्यता आमच्यापेक्षा जास्त. निकाह काझी पढवतात आणि त्यांच्या दफ्तरात नवरा-नवरी, दोघांचे वडील, वकील (नवरीच्या वतीने बोलणारा), दोन साक्षीदार आणि मेहर किती ते लिहिलेलं असतं. काझीपण बऱ्याच ठिकाणी एकाच घराण्यात चालत आलेलं, १८८० चा काझी कायदाही आहे, त्यामुळे दफ्तर सरकारकडे नाही तर काझींच्या घरी किंवा जमातीकडे विचारायचं. जुनं असेल तर उर्दू किंवा फारसी आणि तारीख हिजरी, हिजरी १३२८ म्हणजे जवळजवळ पूर्ण १९१० साल. हिजरी वर्ष साधारण अकरा दिवसांनी लहान असतं म्हणून ठरावीक आकडा मिळवून चालत नाही, तक्ता बघावा लागतो.

घरातली माणसं जहाजावर किंवा केपटाउनला गेली असतील तर निकाह ते सुट्टीवर आले तेव्हाचे, आधी सुट्टीची वर्षं काढा.

आणि ख्रिस्ती कुटुंबं?

चर्चची वही ही या सगळ्यात सर्वांत नीटनेटकी. ट्रेंटच्या धर्मसभेने १५६३ साली लग्नाची नोंद ठेवणं धर्मगुरूंना बंधनकारक केलं, आणि पोर्तुगीज वसईत १५३४ ते १७३९ होते, म्हणजे ती पद्धत आपल्या किनाऱ्यावर फार आधी आली. जुनी पुस्तकं सगळीकडे टिकली नाहीत, लढाया, दमट हवा, वाळवी. १९०८ नंतर आणखी एक सोय झाली, लग्न झालं की ते ज्या चर्चमध्ये बाप्तिस्मा झाला तिथल्या नोंदीच्या बाजूला पण लिहायचं, त्यामुळे बाप्तिस्म्याचं पान मिळालं की समासात लग्न मिळू शकतं.

भाषा पोर्तुगीज किंवा लॅटिन असू शकते. सोल्तैरु म्हणजे बिनलग्नाचा, व्हियुवा म्हणजे विधवा, नातुराल म्हणजे मूळ कुठला. मालवण, वेंगुर्ला भागासाठी आज सिंधुदुर्ग धर्मप्रांत आहे, तो २००५ चा, वसईचा १९९८ चा. रत्नागिरी-वेंगुर्ल्याला अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशन होतं, त्या लोकांची लग्नं कॅथलिक वहीत शोधू नका. युरोपियन किंवा अँग्लो-इंडियन कुणी असेल तर मुंबई इलाख्याच्या चर्च नोंदींच्या प्रती लंडनला ब्रिटिश लायब्ररीत आहेत, एन/३ या मालिकेत.

बेने इस्रायली घरांसाठी केतुबा, म्हणजे लग्नाचा करार, आणि अलिबाग, रेवदंडा, पनवेल किंवा मुंबईचं सिनेगॉग.

पणजी पेडण्याची होती. गोव्यात काही मिळेल?

हो, आणि हे लोक विसरतात. गोव्यात पोर्तुगीज राजवटीतच लग्नाची सरकारी नोंद हिंदूंनाही लागू झाली होती. त्यामुळे लग्न सीमेच्या पलीकडे लागलं असेल तर त्या तालुक्याच्या सिव्हिल रजिस्ट्रारकडे आणि पणजी शहरातल्या पुराभिलेखात विचारा. वेंगुर्ला-सावंतवाडीच्या घरांत पेडणे-डिचोलीच्या मुली भरपूर.

लग्नाचा कुठलाच धागा मिळत नाही आणि घरातले विषय टाळतात.

हळू जा. आपल्या किनाऱ्यावर देवळांशी जोडलेल्या भाविणी होत्या, त्यांचं लग्न माणसाशी लागत नसे आणि वंश आईकडून मोजला जायचा. १९३४ चा देवदासी संरक्षण कायदा आल्यावर अशा स्त्रियांची लग्नं कायदेशीर ठरली. त्यांच्या मुलानातवंडांनी पुढे खूप नाव काढलं, पण घरात त्याबद्दल अबोला राहिला. अशा वेळी लग्न शोधू नका, देवस्थानचे कागद, इनामाचे कागद, आईच्या नावाने लागलेली शाळेतली नोंद बघा. आणि जे मिळेल ते घरातल्या मोठ्यांना विचारल्याशिवाय कुठल्या ग्रुपवर टाकू नका.

ऑफिसात अर्ज कसा करायचा?

१९५३ नंतरचं लग्न असेल तर साधा अर्ज, विषय "विवाह नोंदीचा शोध व नक्कल मिळणेबाबत", दोघांची पूर्ण नावं, मुलीचं माहेरचं नाव, अंदाजे साल आणि त्याच्या मागेपुढे दोन-दोन वर्षं. तुमचं नातं काय आणि ओळखपत्र जोडा. १९९८ च्या कायद्यानंतरचं असेल तर गावात ग्रामपंचायत, शहरात नगरपरिषद, त्या कायद्याआधीचं असेल तर दुय्यम निबंधक. उत्तर आलं नाही तर माहितीचा अधिकार, १० रुपयांचं तिकीट.

मला एका कार्यालयात तीनदा सांगितलं की रजिस्टर नाही. चौथ्यांदा गेले तेव्हा एक शिपाईकाका म्हणाले, ताई, नाही असं नाही, ओलं झालंय, कुणी हात लावत नाही. गच्चीखालच्या खोलीत प्लास्टिकच्या गोणीत होतं, पानं एकमेकांना चिकटून पापडासारखी. त्यातली माझी सालं गेलीच. म्हणून "नाही" म्हणाले की विचारा, नष्ट झालंय, दुसरीकडे पाठवलंय की शोधलंच नाही? तिन्हीचं उत्तर लेखी मागा. आणि पावसाळ्यात जाऊ नका, ओलं पान उघडताना फाटतं.

म्हाताऱ्या माणसांना तारीख आठवत नाही, काय विचारायचं?

तारीख विचारूच नका. मालवणला आमच्या आतेआजीला विचारलं तर म्हणाली, "आमच्या टायमाक खयचां सर्टिफिकेट?" पण मग विचारलं की तुझ्या आईच्या लग्नाबद्दल काय ऐकलंस, तर म्हणाली त्या साली आकाशात शेपटीवाला तारा दिसत होता म्हणे. झालं, हॅलेचा धूमकेतू, मे १९१०, वैशाख. आहेराच्या वहीतली मिती वाळवीने अर्धी खाल्ली होती, शक दिसत नव्हता, नुसतं "वैशाख शुद्ध" उरलं होतं, ते तिथे जुळलं.

अशाच खुणा विचारा. प्लेगच्या आधी की नंतर, म्हणजे १८९६-९७. मानमोडीच्या तापात, म्हणजे इन्फ्लुएंझाच्या साथीत, कोण गेलं, म्हणजे १९१८. ब्रह्मदेशाचा थिबा राजा रत्नागिरीत होता का, तो १८८६ ला आला आणि १९१६ ला वारला. रामदास बोट बुडाली तेव्हा तुला किती मुलं होती, म्हणजे जुलै १९४७. कोयनेचा भूकंप झाला तेव्हा कोणाचा साखरपुडा झाला होता, डिसेंबर १९६७.

आणि आजीबाईंना एकटीला विचारा, चार माणसांत नाही. माहेरचं नाव विचारा, ते तिच्या तोंडून ऐका, रेकॉर्ड करा. आमच्या आतेआजीला तिचं स्वतःचं माहेरचं नाव सत्तर वर्षांत कुणी विचारलं नव्हतं, ते सांगताना ती दोनदा थांबली, मग नीट सावकाश पूर्ण सांगितलं, बापाच्या नावासकट.

सापडलेले कागद कसे ठेवायचे?

लॅमिनेशन करू नका, सेलोटेप लावू नका. फडक्यात गुंडाळून कोरड्या कपाटात, जमिनीपासून उंच, आणि ऑक्टोबरमध्ये वारा द्या, पण उन्हात नको, सावलीत. फोटो काढताना पानाची मागची बाजू पण काढा, कोरी वाटली तरी. आहेराच्या वहीच्या शेवटच्या पानामागे आमच्याकडे पेन्सिलने दोन ओळी आहेत, मांडवाला किती माडाची झापं लागली आणि मुलगी कुठल्या बोटीने सासरी गेली.